गोषवारा मागितला, गोदाम आले

सोमवारी सकाळी साडेदहाला आढावा बैठक असते. बँक असो, विमा कंपनी असो, दूध संघ असो की महापालिका. भिंतीवरच्या पडद्यावर रंगीत आलेख उमटतात आणि ठेवी किती वाढल्या, थकबाकी कुठे साचली, कोणत्या शाखेचे घोडे कुठे अडले, हे सगळे त्या पडद्यावरून वाचले जाते. याला आता ‘बिझनेस इंटेलिजन्स रिपोर्ट’ असे भारदस्त नाव आहे. अशा बैठकांतून अलीकडे वारंवार ऐकू येणारे वाक्य म्हणजे, ‘रिपोर्ट रिफ्रेश झालेला नाही.’ याचा अर्थ पडद्यावरचे आकडे आजचे नाहीत. ते शुक्रवारचे आहेत, किंवा त्याच्याही आधीच्या शुक्रवारचे. रात्री यंत्राने नवे आकडे ओढून घ्यायला सुरुवात केली, मध्येच मेमरी पुरेना, तेव्हा त्याने हात टेकले आणि इंग्रजीत एक लांबलचक निरोप ठेवून ते थांबले. मग संगणक विभागातल्या एखाद्या तरुणाला बोलावणे जाते. तो मान खाली घालून सांगतो, ‘साहेब, डेटा फार झालाय.’ साहेब म्हणतात, ‘मग मोठे मशीन मागवा.’

या संवादातले शेवटचे वाक्य मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच. डेटा फार झाला असेल तर तो कमी करावा, हे त्याचे साधे उत्तर आहे. ते अमलात आणायला फार मोठी विद्याही लागत नाही. अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. काय कमी करायचे, हे कोणीतरी ठरवावे लागते. अहवाल पाहून ज्याला निर्णय घ्यायचा आहे, त्यानेच ते ठरवायला हवे. आपल्या कार्यालयांतून नेमका हाच माणूस या विषयावर गप्प बसतो आणि संगणक विभागाकडे बोट दाखवतो.

‘बिझनेस इंटेलिजन्स’ हे कालपरवाचे खूळ आहे अशी पुष्कळांची समजूत असते. आयबीएम कंपनीतले संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये याच नावाची यंत्रणा सुचवणारा एक निबंध कंपनीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. त्यांची कल्पना अशी की, संस्थेत येणाऱ्या कागदपत्रांचा यंत्राने आपोआप गोषवारा काढावा आणि तो संस्थेतल्या ज्या माणसाच्या कामाचा असेल त्याच्यापर्यंत पोचवावा. म्हणजे लून यांच्या या कल्पनेत दोन गोष्टी होत्या: गोषवारा आणि योग्य माणूस. आज त्या नावाखाली जे चालते त्यात गोषवाऱ्याच्या जागी गोदाम आले आहे, आणि योग्य माणसाच्या जागी ‘सर्व संबंधित’.

आता यंत्र थांबते का, ते थोडे पाहू. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे ‘पॉवर बीआय’ २०१५ मध्ये बाजारात आले आणि आपल्याकडच्या कार्यालयांत झपाट्याने पसरले. त्याच्या ‘प्रो’ या नेहमीच्या परवान्यावर एका अहवालामागच्या साठ्याला एक जीबीची मर्यादा आहे. या साठ्याला आधी ‘डेटासेट’ म्हणत. २०२३ मध्ये कंपनीने त्याचे ‘सिमँटिक मॉडेल’ असे नवे बारसे केले. बारशाने वजन काही घटले नाही. हा एक जीबी दाबून बसवलेल्या मालाचा. न दाबलेला कच्चा माल एका खेपेत दहा जीबीपेक्षा जास्त आणता येत नाही, आणि दोन तासांत काम उरकले नाही तर यंत्र ते अर्धवट सोडून देते. महागड्या परवान्यावर या मर्यादा वाढतात, पण संपत नाहीत. दोन तासांचे पाच तास होतात, इतकेच.

यात आणखी एक मेख आहे. साठा पूर्ण ताजा करताना यंत्र जुना साठा लगेच फेकून देत नाही. नवा तयार होईपर्यंत लोकांना जुना वाचता यावा म्हणून दोन्ही एकाच वेळी सांभाळते. वर्षअखेरीस जुने लेजर बंद व्हायचे असते आणि नव्यात बाक्या ओढायच्या असतात, तेव्हा एका टेबलावर दोन लेजरे उघडी पडतात. तसाच हा प्रकार. टेबल एका लेजरापुरते असेल तर दुसरे खाली पडणारच. म्हणून एरवी निमूट चालणारा अहवाल ताजा होतानाच नेमका कोसळतो. मेमरी साठ्याच्या किमान दुप्पट लागते, हे ठाऊक नसलेला माणूस मग ‘काल तर चालत होते’ असे म्हणत बसतो.

प्रत्येक बिघाडाचे कारण आकारच असते असे मात्र समजू नये. कधी पासवर्डची मुदत संपलेली असते, कधी मूळ तक्त्यातल्या एखाद्या रकान्याचे नाव कोणी परस्पर बदललेले असते, कधी शाखा आणि मुख्यालय यांना जोडणारा संगणकच रात्री कोणी बंद केलेला असतो. त्यामुळे यंत्राने ठेवलेला निरोप आधी नीट वाचावा. पण त्यात मेमरी पुरली नाही किंवा वेळ संपली असे लिहिलेले असेल, तर दुखणे आकाराचे आहे असे समजून पुढे जायला हरकत नाही.

मी बँकेत लागलो तेव्हा शाखेत जाड पुठ्ठ्यांची लेजरे होती. पुढे लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, नंतर संगणक, आणि त्यानंतर सगळ्या शाखा एका तारेत ओवणारी कोअर बँकिंग यंत्रणा. साधने बदलली तरी हिशेबाची एक उतरंड कायम राहिली, आणि ती आपल्या पेढ्यांवरून फार पूर्वीपासून चालत आलेली आहे. रोजकिर्दीत प्रत्येक व्यवहार घडल्या क्रमाने लिहायचा. खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडायचा. तेरजेत प्रत्येक खात्याची फक्त बाकी घ्यायची. ताळेबंदात या बाक्याही पाच-दहा शीर्षकांखाली गोळा करायच्या. बँकांच्या छापील ताळेबंदावर तर ‘हजार वगळून’ असे लिहून शेवटचे तीन आकडे गाळलेले दिसतात. म्हणून बँकेचे पैसे हरवले असे कोणी म्हणत नाही.

या उतरंडीत वरची प्रत्येक पायरी खालच्या पायरीपेक्षा लहान आहे आणि तिचा वाचक वेगळा आहे. रोखपालाला रोजकीर्द हवी, खातेदाराला त्याचा उतारा हवा, व्यवस्थापकाला तेरीज हवी, संचालक मंडळाला ताळेबंद हवा. अध्यक्षांच्या टेबलावर कोणी रोजकिर्दीची बाडे नेऊन ठेवली असती, तर त्याला बढतीऐवजी बदली मिळाली असती. आज मात्र तेच चालले आहे. विभागीय व्यवस्थापकाच्या पडद्यामागे रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद असे सगळेच एकत्र कोंबलेले आहे, आणि यंत्र धापा टाकते आहे म्हणून आपण यंत्राला दोष देतो.

या कोंबाकोंबीचा भार कसा वाढतो हे समजायला यंत्राच्या पोटातली एक युक्ती माहीत हवी. हाताने लेजर लिहिणारा कारकून एकाखाली एक तेच नाव आले की ते पुन्हा न लिहिता खाली डिट्टोची खूण करीत असे. हे यंत्रही तेच करते. ते माहिती ओळीओळीने न ठेवता रकान्या-रकान्याने ठेवते. ‘सोलापूर’ हे नाव दहा लाख ओळींत आले तरी ते एका यादीत एकदाच लिहून त्याला क्रमांक देते, आणि तोच क्रमांक सलग आला तर ‘हाच, इतक्या वेळा’ अशी नोंद करून मोकळे होते. त्यामुळे शाखा, खात्याचा प्रकार, महिना असे रकाने चिमूटभर जागेत बसतात. व्यवहार क्रमांकाचा रकाना मात्र प्रत्येक ओळीत नवा. तिथे डिट्टो चालत नाही. ओळी जितक्या, तितकी यादी लांब. असा एकच रकाना इतर दहा रकान्यांपेक्षा जास्त जागा अडवून बसतो. आणि व्यवहार क्रमांक पाहून एखाद्या आढावा बैठकीत काही निर्णय झाल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही.

वेळेचेही तसेच. व्यवहाराची तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ एकाच रकान्यात ठेवली, तर पाच वर्षांत १५ कोटी ७७ लाखांहून जास्त वेगवेगळ्या नोंदी संभवतात. तारीख एका रकान्यात आणि वेळ दुसऱ्यात घातली, की तारखा उरतात सुमारे १,८२६ आणि वेळा फार तर ८६,४००. वेळ नकोच असेल, आणि ठेवींचा आढावा घेताना ती नकोच असते, तर १,८२६ नोंदींत काम भागते. माहिती तीच, मांडणी बदलल्याबरोबर तिचे वजन कुठल्या कुठे जाते.

बँकांच्या यंत्रणांत आणखी एक गंमत असते. ज्या गोष्टीला अखेरची तारीख नाही तिथे काहीतरी भरावे लागते म्हणून ३१ डिसेंबर ९९९९ अशी तारीख टाकण्याची पद्धत आहे, आणि जिथे जुनी तारीख माहीत नाही तिथे १ जानेवारी १९००. पॉवर बीआयला सांगून ठेवले नाही, तर ते तारखेच्या प्रत्येक रकान्यामागे गुपचूप एक पंचांग तयार करते आणि त्या रकान्यातल्या पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचा प्रत्येक दिवस त्यात लिहिते. १९०० ते ९९९९ म्हणजे ८,१०० वर्षे, सुमारे २९ लाख ५८ हजार दिवस. असे तारखेचे सहा रकाने असतील तर अशी सहा पंचांगे. ही सोय बंद करून सगळ्यांसाठी एकच नेटके कॅलेंडर ठेवणे हे पाच मिनिटांचे काम आहे. पण मुळात त्या तारखा अहवालात कशाला हव्यात, असे कोणी विचारलेले नसते.

एक साधा हिशेब मांडू. समजा, दोनशे शाखांच्या बँकेत रोज पाच लाख व्यवहार होतात. वर्षाला तीनशे कामाचे दिवस धरले तर पाच वर्षांत ७५ कोटी ओळी होतात. विभागीय व्यवस्थापकाला पाहायचे आहे ते असे: कोणत्या शाखेत, कोणत्या प्रकारच्या खात्यात, कोणत्या दिवशी किती जमा आणि किती नावे. खात्याचे प्रकार दहा धरू. दोनशे गुणिले दहा गुणिले पंधराशे दिवस म्हणजे तीस लाख ओळी. ७५ कोटींच्या जागी ३० लाख, म्हणजे अडीचशेवा हिस्सा. व्यवस्थापकाचे उत्तर दोन्हीकडे एकच येते, पैशाचाही फरक पडत नाही. फक्त ७५ कोटींचे उत्तर बहुधा येतच नाही, कारण यंत्र मध्यरात्रीच बसलेले असते.

मग हे इतके सोपे असताना होत का नाही? याचे उत्तर संगणकशास्त्रात सापडणार नाही, ते आपल्या कचेऱ्यांच्या स्वभावात आहे. अहवाल तयार करायचा ठरले की एक बैठक बोलावली जाते. प्रत्येक विभागाचा माणूस येतो आणि एकेक रकाना सांगून जातो. कर्ज विभाग म्हणतो जामीनदाराचे नाव असू द्या, वसुली विभाग म्हणतो मोबाइल क्रमांक असू द्या, तपासणी विभाग म्हणतो व्हाउचर क्रमांक असू द्या, आणि कोणीच काही बोलले नाही तरी ‘पुढेमागे लागेल’ म्हणून आणखी दहा रकाने राहतात. ‘असू द्या’ हे आपल्या प्रशासनातले सर्वांत सुरक्षित वाक्य आहे. एखादा रकाना ठेवला म्हणून आजवर कोणावर मेमो निघालेला नाही. काढला, आणि नेमका त्याच आठवड्यात वरून कोणी तो मागितला, तर मात्र काढणाऱ्याची धडगत नाही. म्हणून शहाणा अधिकारी काही काढत नाही.

मी ज्या बँकेत होतो तिथे मुख्यालयाकडून येणाऱ्या विवरणपत्रांचेही असेच चाले. दर सहा महिन्यांनी परिपत्रक येई आणि त्यात एखादा रकाना वाढलेला असे. अमुक रकाना यापुढे भरू नये, असे परिपत्रक आल्याचे मला आठवत नाही. कागदाच्या काळात याला एक नैसर्गिक बंधन होते. कागद संपत असे, कारकुनाचा हात दुखत असे आणि युनियनही बोलत असे. यंत्राचा हात दुखत नाही अशी आपली समजूत झाली आणि ते बंधन सुटले. आता यंत्र मेमरीची तक्रार करते. या तक्रारीकडे बिघाड म्हणून पाहण्यापेक्षा, जुन्या हेडक्लार्कने नाकावरचा चष्मा सरकवून ‘एवढे सगळे कशाला हवे आहे?’ असे विचारावे, तसा तो प्रश्न आहे असे समजणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

कोणी म्हणेल, अहवाल एखाद्या दिवशी अडला तर अडला. त्यात एवढे काय आहे? एका बँकेतली हकीकत एका परिचिताकडून ऐकली, ती सांगतो. टेंपोच्या कर्जाचा थकलेला हप्ता एका माणसाने शनिवारी भरला. वसुलीची यादी ज्या अहवालातून निघे तो शनिवारी ताजा झाला नाही, रविवारी नाही, सोमवारीही नाही. मंगळवारी वसुलीची माणसे त्याच्या दारात उभी राहिली. तो पावती दाखवत होता, ती माणसे यादी दाखवत होती आणि गल्ली पाहत होती. यादी खोटी नव्हती. ती चार दिवसांपूर्वी खरी होती. कर्ज ९० दिवस थकले की अनुत्पादक ठरते, हा निकष मार्च २००४ पासून आपल्या बँकांना लागू आहे. जिथे एकेक दिवस मोजला जातो तिथे चार दिवस शिळा आकडा हा निव्वळ तांत्रिक प्रश्न राहत नाही. त्या गल्लीत गेलेली अब्रू कोणत्याही रिफ्रेशने परत येत नाही.

यात भर अशी की, ठरलेल्या वेळी आपोआप ताजे होण्याचे काम लागोपाठ चार वेळा फसले, तर पॉवर बीआय ते वेळापत्रकच बंद करून टाकते. सूचना जाते ती त्या अहवालाच्या मालकाला, आणि मालक बहुधा मागच्या वर्षी नोकरी सोडून गेलेला असतो. पडदा मात्र तसाच रंगीत दिसत राहतो. शिळ्या भाजीला वास तरी येतो. शिळा आकडा दिसायला ताज्यासारखाच असतो.

तरीसुद्धा, अडून बसणारे यंत्र परवडले. न अडता गुपचूप कापाकापी करणारे त्याहून वाईट. याचा दाखला २०२० मध्ये इंग्लंडमध्ये मिळाला. करोनाचे निदान झालेल्या रुग्णांची आकडेवारी तिथली सार्वजनिक आरोग्य यंत्रणा गोळा करीत होती. त्या साखळीत एके ठिकाणी एक्सेलच्या जुन्या पद्धतीची फाइल वापरली जात होती. त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाही. त्यापुढच्या ओळी सांडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेण्याचे काम लांबले. तिथेही डेटा कमीच झाला होता. पण तो कोणी ठरवून कमी केला नव्हता, भांडे भरले म्हणून सांडला होता. वगळणे आणि सांडणे यांतला फरक एवढाच की, काय गेले आणि का गेले हे वगळणाऱ्याला माहीत असते. आपण वेळेवर ठरवून वगळले नाही, तर कुठेतरी, कधीतरी सांडणार आहे, हे धरून चालावे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप मोठ्या यंत्राचा. काही ठिकाणी मोठे यंत्र लागतेच. कोट्यवधी ग्राहकांच्या बँकेने एक जीबीत संसार करावा असे मी म्हणणार नाही. पण मोठे घर घेतले की माळा रिकामा राहत नाही, हा गृहस्थाश्रमाचा अनुभव इथेही लागू आहे. निवड न करता घेतलेले यंत्र दोन वर्षांत पुन्हा अपुरे पडते, आणि तोवर रकाने काढण्याची हिंमत आणखी कमी झालेली असते.

दुसरा आक्षेप, पुढेमागे लागेल त्याचे काय? लागेल, आणि म्हणूनच मूळ नोंदी कोणी पुसायच्या नाहीत. बँकांनी कोणती पुस्तके पाच वर्षे आणि कोणती आठ वर्षे जपावीत हे १९८५ च्या नियमांनी ठरवून दिले. त्या जपणुकीची जागा मूळ यंत्रणा आणि तिचे भांडार ही आहे. अहवालाचा साठा म्हणजे दप्तरखाना नव्हे. एखाद्या खात्याची चौकशी करायची वेळ आली तर मूळ खतावणी उघडावी. त्यासाठी सगळ्या खात्यांची खतावणी रोज रात्री पाठीवर घेऊन फिरण्याचे कारण नाही. ग्राहकांची नावे आणि मोबाइल क्रमांक आलेखामागे पडून राहणे हे तर जोखमीचेच आहे. सांगितलेल्या कामासाठी आवश्यक तेवढीच व्यक्तिगत माहिती वापरावी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यानेही मान्य केले आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि मला तो टाळायचा नाही. बेरजेत लहान माणूस नाहीसा होतो. रिझर्व्ह बँकेने १९७२ मध्ये बँकांकडून ‘बेसिक स्टॅटिस्टिकल रिटर्न्स’ घ्यायला सुरुवात केली. त्यात ठरावीक मर्यादेवरच्या कर्जांची माहिती खातेवार द्यायची आणि त्याखालच्या कर्जांची एकत्रित, अशी व्यवस्था होती. मार्च १९९९ पासून ही मर्यादा २५ हजारांवरून दोन लाख रुपयांवर नेली गेली. शाखांतल्या माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्या दिवसापासून दोन लाखांच्या आतला शेतकरी, शिंपी, किराणा दुकानदार या विवरणपत्रापुरता एकेका बेरजेत मिसळून गेला. रिझर्व्ह बँकेला याची जाण होती; लहान कर्जखात्यांच्या वेगळ्या नमुना पाहण्या ती करीत असे. मला यातून घेण्यासारखे वाटते ते हे की, कोण नाहीसे होणार आहे याचा विचार करून आणि त्याला शोधण्याची दुसरी वाट ठेवूनच बेरीज करावी. तिमाही ठेवींच्या अहवालात खातेदार नसला तरी चालेल. वसुलीच्या यादीत मात्र खाते हवेच, कारण तिथे निर्णय एका माणसाविषयी व्हायचा आहे. म्हणजे दोन प्रश्नांना दोन अहवाल हवेत. दोन्ही लहान असतील आणि दोन्ही वेळेवर उठतील. सगळ्या प्रश्नांसाठी एकच विराट अहवाल बांधण्याची हौस हेच बहुतेक दुखण्यांचे मूळ आहे.

करायचे काय, ते कोणत्याही कार्यालयाला जमण्याजोगे आहे. अहवाल ज्याच्यासाठी आहे त्याने आधी एका कागदावर लिहून द्यावे: हा पाहून मी अमुक ठरवणार आहे. त्या वाक्याला ज्याची गरज नाही तो रकाना मुळातच आणू नये. आणून पडद्यावर लपवून ठेवला तर भार कमी होत नाही. झाकलेले पोतेही तेवढेच जड असते. वर्षे किती हवीत ते ठरवावे. मागच्या वर्षाशी तुलना करायची असेल तर दोन किंवा तीन पुरतात, दहा कशाला? गाळणी मूळ भांडाराशीच लावावी. सगळे घरी आणून मग निवडत बसू नये. बेरीज दिवसाची हवी की महिन्याची तेही आधीच सांगावे.

जुन्या महिन्यांचे आकडे बदलत नसतील तर ते रोज नव्याने आणू नयेत. ‘मागील पानावरून पुढे’ ही आपली जुनी रीत यंत्रालाही येते. फक्त अलीकडचे दिवस ताजे करायला त्याला सांगता येते. मात्र बँकेत मागच्या तारखेच्या दुरुस्त्या होत असतात, तेव्हा किती दिवस मागे जायचे हे हिशेब कळणाऱ्या माणसाने ठरवावे. शिवाय वगळावगळी झाल्यावर एकूण बेरीज जनरल लेजरशी जुळवून पाहावी. बेरीज जुळली तर गोषवारा खरा. जुळली नाही तर अहवाल कितीही झटपट उठला तरी तो रद्दी. आणि आकडे कोणत्या तारखेपर्यंतचे आहेत, हे पडद्याच्या डोक्यावर ठसठशीत लिहावे. तारीख नसलेला चेक आपण काउंटरवर घेत नाही, मग तारीख नसलेला अहवाल बैठकीत का घ्यावा?

यातले एकही काम संगणक विभाग एकट्याने करू शकत नाही. त्या तरुणाला रकाने काढता येतात, पण कोणते काढावेत हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही, आणि अधिकार नसताना त्याने ते केले तर पहिली चूक त्याच्याच नावावर चढते. त्याला लेखी अधिकार द्या. काय वगळले आहे त्याची यादी करून तिच्याखाली अहवाल मागणाऱ्या अधिकाऱ्याने सही करावी. आमच्या काळी तेरजेवर व्यवस्थापकाची सही असे. त्या सहीचा अर्थ हाच की, खालची सगळी बाडे मी वाचलेली नाहीत, पण त्यांतून काय वर आले आहे आणि काय आलेले नाही याची जबाबदारी माझी आहे. ती सही करायला आज कोणी तयार होत नसेल, तर तो अहवाल बंद करून टाकावा. त्याची वाट पाहणारे कोणी नव्हते, एवढे तरी त्यातून नक्की कळेल.